दहा लाखांत क्यू७: जुनी लक्झरी एसयूव्ही घेताना आणि सांभाळताना

सकाळी साडेसहाला आतेभावाचा फोन आला. "अरे, गाडी बसलीय."

"चालू होत नाही का?"

"चालू होते रे. पण खाली बसलीय. म्हैस बसते तशी. पुढचं डावं चाक पार मडगार्डात गेलंय."

गाडी दारात येऊन अठरा दिवस झाले होते. आतेभाऊ विट्याचा, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातला. विट्या-आटपाडीची माणसं या धंद्यापायी देशभर पसरलेली, त्यामुळे दिल्लीत ओळखींना तोटा नाही. अशाच एका ओळखीतून नऊ लाख चाळीस हजारांना ही गाडी आली. काळी कुळकुळीत, मोठं सनरूफ, आत पिवळट चामड्याच्या सीटा. कंपनीचं नाव इथे घेत नाही, विकणाऱ्याचंही नको. गाडीला एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर ती तोललेली. झालं होतं एवढंच की त्यातल्या एका रबरी फुग्याला चीर गेली होती, आणि ती गळती भरून काढता काढता हवेचा कॉम्प्रेसरही जळाला होता. बिल झालं एक लाख ब्याऐंशी हजार.

"नऊ लाखांच्या गाडीला दोन लाखांचा शॉकअप?" असं तो आठवडाभर म्हणत होता. त्याची चूक तिथेच होती. शॉकअप नऊ लाखांच्या गाडीचा नव्हताच, साठ लाखांच्या गाडीचा होता. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. हे डोक्यात पक्कं असेल तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

उदाहरणाला मी ऑडी क्यू७ ची पहिली पिढी घेतो. सेकंड हँडच्या बाजारात आपल्याकडे सगळ्यात जास्त मोह हीच गाडी पाडते. फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती २००५ मध्ये आली आणि २०१५ मध्ये दुसऱ्या पिढीने तिची जागा घेतली. फोक्सवॅगन टुआरेग आणि पोर्शे कायेन तिच्याच सांगाड्यावरच्या बहिणी. पाच मीटरपेक्षा लांब, सव्वादोन टनांच्या पुढे वजन, सात सीटा. आपल्याकडे बहुतेक गाड्या ३.० टीडीआय, म्हणजे तीन लिटरच्या सहा सिलिंडर डिझेल इंजिनाच्या. नवी असताना पन्नास-साठ लाखांची ही गाडी आता आठ ते चौदा लाखांत मिळते.

पहिली पायरी: गाडी बघायच्या आधीचा हिशोब

तुमच्याकडे दहा लाख असतील तर दहा लाखांची गाडी बघू नका, सात लाखांची बघा. उरलेले तीन लाख वेगळ्या खात्यात टाका आणि पहिलं वर्षभर ते तुमचे नाहीत असं समजा. गाडीसाठी कर्ज काढून वर दुरुस्तीसाठीही उधारी करायची वेळ येणार असेल तर हा नाद सोडलेला बरा. त्याच पैशांत जुनी फॉर्च्युनर मिळते. ती खडखडते, पण तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावात मिळतात आणि तिला हात लावायला कुठलाही मेकॅनिक घाबरत नाही.

वर्षाचा साधा हिशोब मांडू. दहा हजार किलोमीटर फिरलात, लिटरला नऊचं ॲव्हरेज पडलं आणि डिझेल नव्वदच्या आसपास धरलं, तर इंधनाचा लाखभर. विमा चांगला घेतला तर तीस-चाळीस हजार. सर्व्हिस, टायर, ब्रेक आणि "अचानक आलं" या सदरात दीड ते दोन लाख. बेरीज तीन लाखांच्या वर जाते, म्हणजे किलोमीटरला तीस रुपये. यात गाडीची खरेदी किंमत धरलेलीच नाही. आतेभावाला हे आधी सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "मग टॅक्सीनेच फिरतो की." आणि ते काही चुकीचं नव्हतं.

दुसरी पायरी: कागद

दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या स्वस्त का, हे आधी समजून घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. पुढे न्यायालयात त्यात फेरफार झाले, पण तोवर हजारो गाड्या एनओसी घेऊन बाहेरच्या राज्यांत गेल्या होत्या. त्यामुळे दिल्लीची गाडी म्हणजे खराबच असं नाही. मात्र महाराष्ट्रात आणल्यावर इथला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. गाडीच्या वयानुसार तो कमी होतो, तरी मूळ किंमतच मोठी असल्याने आकडा लहान नसतो. जुन्या राज्यातल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण तो मिळेपर्यंत हेलपाटे घालायची तयारी ठेवा. सौदा ठरवायच्या आधी आपल्या आरटीओत जाऊन टॅक्स किती बसेल ते विचारा आणि तो गाडीच्या किमतीत मिळवून बघा. पुष्कळदा एमएच पासिंगची लाखभर महाग गाडीच शेवटी स्वस्त पडते.

बाकी कागद नेहमीचेच: मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, कर्ज होतं तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून चलनं, विमा आणि कर्जाचा बोजा पाहा. आलिशान गाड्यांवर चलनांचा ढीग असतो, कारण त्या एक्सप्रेसवेवर कशा हाकल्या जातात ते आपण सगळे रोज बघतोच.

सर्व्हिसचा इतिहास मागा. "सगळी सर्व्हिस शोरूमलाच झालीय" हे वाक्य कागदाशिवाय ऐकायचं नाही. विक्रेत्याकडून चेसिस नंबर घ्या आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन नोंदी मिळतात का पाहा. शेवटची नोंद २०१८ ची असेल तर नंतर गाडी कुठे गेली होती ते विचारा. गाडी बाहेरच्या गॅरेजला गेली म्हणून बिघडत नाही, पण त्या गॅरेजची बिलं हवीत.

बुडालेल्या गाडीपासून सावध राहा. चेन्नईत डिसेंबर २०१५ मध्ये, सांगली-कोल्हापुरात २०१९ मध्ये, चिपळूणला २०२१ मध्ये पाणी चढलं, आणि पाण्याखाली गेलेल्या गाड्या लिलावातून साफसूफ होऊन पुन्हा बाजारात येतात. सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून पाहा. वरची पट्टी कितीही स्वच्छ असली तरी खालच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ राहते. सीटच्या रुळांवर गंज आहे का आणि गालिच्याखाली हात घातला तर ओल लागते का, हेही बघा. शंका आली तर तिथूनच परत फिरा. या गाडीत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलांची संख्या इतकी आहे की पाणी प्यायलेली क्यू७ दुरुस्त करणं म्हणजे ओल्या वहीतली शाई पुसत बसणं.

तिसरी पायरी: सकाळी, थंड इंजिनावर

विक्रेत्याला वेळ द्या सकाळी सातची, आणि शक्य झालं तर पावणेसातलाच पोचा. सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर हसून म्हणा, उद्या येतो.

थंड गाडीजवळ दोन कामं करायची असतात. पहिलं काम टेपचं. शिंप्याकडची कापडी टेप चालेल. चाकाच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या कमानीपर्यंत चारही बाजूंची उंची मोजा. एअर सस्पेन्शनची गाडी रात्रभर सपाट जागी उभी असेल तर डावी-उजवी बाजू जवळजवळ सारखी भरली पाहिजे. एक कोपरा दोन-तीन सेंटिमीटर खाली असेल तर हवा गळतेय. मग गाडी चालू करून सस्पेन्शन सर्वांत वर न्या, पुन्हा खाली आणा. कॉम्प्रेसर घरघरत दमून बोलायला लागला, किंवा गाडी वर यायला फारच वेळ लागला, तर त्याचेही दिवस भरलेत. आमच्याकडचे मिस्त्री साबणाचं पाणी फवाऱ्यात भरून फुग्यांच्या घड्यांवर मारतात, सायकलचं पंक्चर काढताना काढतात तसंच. बुडबुडे आले की चीर सापडली. तीनशे रुपयांचा फवारा लाखाचा आजार सांगून जातो.

दुसरं काम कानाचं. इंजिन चालू होतानाचे पहिले तीन सेकंद नीट ऐका. मागून, म्हणजे डॅशबोर्डच्या बाजूने, खुळखुळ्यासारखा कोरडा धातूचा आवाज येऊन थांबला तर टायमिंग चेनचे, म्हणजे इंजिनाच्या आतल्या हालचालींचा मेळ राखणाऱ्या साखळीचे, टेन्शनर (तिला ताणून धरणारे भाग) सैल झाले असण्याची शक्यता धरा. या इंजिनात बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे "आयुष्यभर बघायला नको" असं सांगणारे भेटतात. गोम अशी की चेन इंजिनाच्या पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिथे पोचायचं तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. टेन्शनर, गाइड, चेन आणि मजुरी धरून स्वतंत्र गॅरेजलाही दोन ते साडेतीन लाखांची तयारी ठेवावी लागते. बीएमडब्ल्यूच्या एक्स५ मध्येही २०१० नंतरच्या तीन लिटर डिझेल इंजिनाची चेन मागेच आहे. जर्मन इंजिनिअरांनी हे का केलं ते त्यांना ठाऊक. पुण्याच्या मिस्त्रींचं यावरचं मत इथे छापण्यासारखं नाही.

मग निदान चाळीस मिनिटं गाडी फिरवा. पाच मिनिटांच्या चकरीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काहीच सांगत नाही. सुरुवातीच्या गाड्यांना सहा गिअरचा आणि २०१० नंतर आठ गिअरचा बॉक्स आला, दोन्ही जपानच्या आयसिनचे. तेल तापलं की त्याचं खरं रूप दिसतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना धक्का बसतो का, सिग्नलला थांबताना मागून कुणी ढकलल्यासारखं वाटतं का, रिव्हर्स टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करत उभी राहते का, हे बघा. खराब रस्त्यावरून हळू न्या आणि काचा खाली घ्या. पुढून टकटक आली तर लोअर आर्म (चाकाला धरणारे दांडे) किंवा त्यांचे रबरी बुश संपलेत. यात घाबरण्यासारखं काही नाही, खर्च मात्र धरावा लागतो. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून पाहा.

चौथी पायरी: लिफ्ट आणि स्कॅनर

इथे पैसे वाचवू नका. युरोपियन गाड्या करणाऱ्या गॅरेजला गाडी नेऊन तपासणीचे चार-पाच हजार द्या. गॅरेज तुम्ही निवडा, विक्रेत्याने सुचवलेलं नको. विक्रेता गाडी न्यायला नाही म्हणाला तर तुमची तपासणी तिथेच झाली असं समजा.

लिफ्टवर तेलाची गळती, फुग्यांचं रबर, ड्राइव्ह शाफ्टची बुटं, ब्रेकच्या डिस्क आणि टायर दिसतात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. चारही टायर एका मापाचे आणि एका कंपनीचे आहेत का ते पाहा. इंजिनाची ताकद कायम चारही चाकांना जाते, त्यामुळे झिजेतला फरक डिफरन्शियलला, म्हणजे ती ताकद चाकांत वाटणाऱ्या गिअरांना त्रास देतो. शिवाय चार कंपन्यांचे चार टायर असतील तर आधीच्या मालकाने गाडी कशी सांभाळली ते वेगळं सांगायला नको.

ऑडीला व्हीसीडीएस (फोक्सवॅगन-ऑडीच्या गाड्या वाचणारं सॉफ्टवेअर) किंवा त्या तोडीचा स्कॅनर लावायचा. रस्त्यावरच्या हजार रुपयांच्या डोंगलने फक्त इंजिनाच्या बिघाडाचे कोड निघतात. इथे मात्र सस्पेन्शन, गिअरबॉक्स, बॅटरी, दारं, सगळ्यांची मॉड्यूल वाचायची असतात. पी२०१५ हा कोड आला तर इंटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या फ्लॅपची गडबड, या इंजिनाचं ठरलेलं दुखणं. आणि बारा-तेरा वर्षांच्या गाडीत एकही कोड निघाला नाही तर खूश होऊ नका. बहुधा सकाळीच कुणीतरी सगळे कोड पुसलेत.

स्कॅनरची खरी गंमत वेगळीच. बिघाड नोंदवताना मॉड्यूल त्या वेळचं किलोमीटर वाचनही सोबत ठेवतं. आतेभावाच्या गाडीच्या मीटरवर ८८ हजार होते, आणि मागच्या दाराच्या मोटरचा एक जुना बिघाड १ लाख ६२ हजारांवर नोंदलेला निघाला. मिस्त्रींनी पडदा माझ्याकडे वळवला, काही बोलले नाहीत, चहा मागवला. अर्थात तोवर पैसे देऊन झाले होते.

इतर गाड्यांबद्दल थोडं

मर्सिडीज एमएलच्या तीन लिटर व्ही६ डिझेलमध्ये ऑईल कूलरचे सील इंजिनाच्या खोबणीत, टर्बोच्या खाली असतात. सील किरकोळ किमतीचे, पण तिथे हात पोचायला टर्बो आणि मॅनिफोल्ड काढावे लागतात. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात तिथून तेल ठिबकतंय असं दिसलं आणि कुणी क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, सील गेलं म्हणालं, तर आधी या सीलचा संशय घ्या. लँड रोव्हर डिस्कव्हरीच्या २.७ आणि ३.० लिटर डिझेल इंजिनांत क्रँकशाफ्ट तुटण्याच्या तक्रारी ब्रिटनमध्ये गाजल्या होत्या. गाडी चालवायला अप्रतिम, पण घेताना छाती लागते. यापैकी एकच घ्यायची वेळ आली तर मी कमी फिरलेली आणि कमी सुविधांची गाडी घेईन. साध्या स्प्रिंगचं सस्पेन्शन असलेली मिळाली तर दहा हजार जास्त देऊन. गाडीत जे नसतं ते बिघडत नाही.

पाचवी पायरी: घासाघीस

तपासणीचा कागद हातात असला की भाव करणं सोपं जातं. आवाज चढवायची गरज नसते, आकडे वाचून दाखवायचे. पुण्यातल्या स्वतंत्र गॅरेजच्या हिशोबाने मी धरतो ते अंदाज असे. तुमच्या शहरात आणि पार्टच्या कंपनीनुसार ते वर-खाली होतील.

- पुढचा एक एअर शॉकअप: बाहेरच्या चांगल्या कंपनीचा चाळीस-साठ हजार, ओरिजिनल लाखाच्या पुढे
- हवेचा कॉम्प्रेसर रिलेसकट (रिले म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच): पस्तीस ते साठ हजार
- गिअरबॉक्सचं तेल, फिल्टर, मजुरी: पस्तीस ते पन्नास हजार
- चारही चाकांचे ब्रेक पॅड आणि डिस्क: साठ ते नव्वद हजार
- पुढचे आर्म आणि बुश: पन्नास हजार ते लाख
- बॅटरी: वीस ते तीस हजार
- २० इंची टायर: एकेक वीस ते तीस हजार

यातलं जे जे लगेच करावं लागणार आहे त्याची बेरीज किमतीतून वजा करून मागा. निम्मं मिळालं तरी तुम्ही जिंकलात. चेनचा आवाज, गिअरबॉक्सचा धक्का आणि पाण्याची खूण, या तीन गोष्टींवर मात्र भाव करायचा नाही, गाडी सोडायची. दुसरी मिळते. या वर्गातल्या गाड्या विकणारे कायम विकायलाच बसलेले असतात.

पहिले तीन महिने

गाडी दारात आली की आधी सगळी तेलं बदला, विक्रेता काहीही म्हणो. इंजिनाला आठ लिटरच्या आसपास तेल लागतं. डब्यावर फोक्सवॅगनचं ५०७ ०० हे मानांकन छापलेलं असलं पाहिजे. नुसतं "फुल सिंथेटिक" पुरत नाही. कंपनी बदलायचं अंतर पंधरा हजार सांगत असली तरी आपल्या धुळीत आणि ट्रॅफिकमध्ये मी आठ-दहा हजारांवर बदलतो. चेनच्या टेन्शनरना तेलाच्या दाबाचाच आधार असतो. तेलात वाचवलेले पाच हजार पुढे तीन लाखांनी वसूल होतात.

गिअरबॉक्सचं तेल "लाइफटाइम" आहे असं सांगतील. लाइफटाइम कुणाचं, ते विचारा. बीएमडब्ल्यूला गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदला म्हणते. आयसिनलाही तोच न्याय लावायचा. हे काम करताना तेलाची पातळी स्कॅनर लावून ठरावीक तापमानालाच बघायची असते. जो मेकॅनिक अंदाजाने ओततो त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

बॅटरी नवी टाकली तर स्कॅनरने ती गाडीला सांगावी लागते. क्यू७ मध्ये ती बॉनेटखाली नाही, पुढच्या सीटखाली असते. ती मरायला लागली की एकदम सतरा लाइट पेटतात, सस्पेन्शनचा, ब्रेकचा, पार्किंग सेन्सरचा. माणूस घाबरून लाखाचा खर्च मनात धरतो आणि आजार असतो बॅटरीचा. म्हणून लाइट पेटले की आधी व्होल्टेज मोजायचं.

एअर सस्पेन्शनची गाडी जॅकवर घेण्याआधी मेनूमधून जॅक मोड चालू करायचा असतो, नाहीतर उचललेल्या गाडीला ती स्वतःच सपाट करायला बघते. हायवेवरच्या पंक्चरवाल्याला हे माहीत नसतं. त्याला सांगणं तुमचं काम.

गॅरेज आणि सुटे भाग

वॉरंटी संपलेल्या गाडीला प्रत्येक कामासाठी शोरूमला जायची गरज नाही. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर या शहरांत जर्मन गाड्यांची चांगली स्वतंत्र गॅरेजं आहेत, पुष्कळदा शोरूममधून बाहेर पडलेल्या मेकॅनिकांनीच काढलेली. गॅरेज बघताना तिथे तुमच्याच मॉडेलच्या दोन-तीन गाड्या उभ्या आहेत का ते पाहा. मालक जुना पार्ट परत दाखवतो का आणि बिलावर पार्टचा नंबर लिहितो का, हे विचारा. पार्ट नंबर मिळाला की तोच भाग ऑडीच्या डब्यात न घेता मूळ बनवणाऱ्या कंपनीच्या डब्यात घेता येतो. लेमफर्डर, बॉश, माहले, साक्स ही नावं लक्षात ठेवा. आर्म, फिल्टर, ब्रेक यांत निम्मे पैसे वाचतात.

जुने भाग कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळतात. आरसा, दाराची मोटर, टेललॅम्प, सीटचं बटण असल्या वस्तूंना तो बाजार उत्तम. एअर शॉकअप, कॉम्प्रेसर आणि ब्रेकचं काहीही मात्र तिथून आणू नका. दुसऱ्याचं म्हातारपण विकत घ्यायचं कशाला? कॉम्प्रेसर बदलताना त्याचा रिलेही नवाच टाका. जुन्या रिलेचे पॉइंट चिकटले की नवा कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि महिन्याभरात तोही जळतो.

पावसाळा, घाट, खड्डे

सनरूफला पाणी वाहून न्यायच्या नळ्या असतात. त्यात आंब्याचा मोहोर, पिंपळाचा चुरा आणि धूळ बसते, मग जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी छतातून खाली उतरतं आणि थेट गालिच्याखालच्या वायरिंगवर जातं. मे महिन्याच्या शेवटी सनरूफ उघडून कोपऱ्यातल्या भोकात पेलाभर पाणी हळूहळू ओता. चाकामागून खाली धार लागली पाहिजे. नाही लागली तर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हलक्या हाताने आत सारा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आत नळी सुटली तर छत उतरवावं लागतं. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर हे काम वर्षातून दोनदा.

ताम्हिणी किंवा वरंध उतरताना गिअर हाताने खालचा टाका आणि इंजिनाला गाडी अडवू द्या. सव्वादोन टनांची गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली की डिस्क तापून वाकड्या होतात, आणि मग एक्सप्रेसवेवर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं.

२० इंची चाकं दिसायला झकास, पण टायरची कड बारीक. एका खड्ड्यात टायरला फुगा येतो, रिम वाकते, हादरा थेट आर्मवर जातो. कंपनीनेच दिलेलं २५५/५५ आर१८ हे माप लावलं तर टायर स्वस्त पडतो, गाडी मऊ चालते आणि आर्म जास्त टिकतात. थाट थोडा कमी होतो, तेवढं सोसायचं.

विमा आणि पंधरावं वर्ष

जुन्या गाडीला झीरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारा विमा सहसा मिळत नाही, त्यामुळे अपघातात प्लॅस्टिक-रबराचा मोठा वाटा तुमच्या खिशातून जातो. त्याहून महत्त्वाचं आयडीव्हीचं, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीचं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. आयडीव्ही सात लाखांची असेल तर सव्वापाच लाखांत ही रेघ ओलांडली जाते. दोन हेडलाइट, बंपर, रेडिएटर आणि चार एअरबॅगा मोजल्या की क्यू७ तिथे सहज पोचते. म्हणून प्रीमियमचे तीन-चार हजार वाचवायला एजंट आयडीव्ही खाली आणू म्हणाला तर मान हलवू नका.

नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी, महाराष्ट्राचा पर्यावरण कर आणि नूतनीकरण, मग पुढची पाच वर्षं. नूतनीकरणाचं शुल्क २०२२ पासून मोटारींना ५ हजार आणि आयात केलेल्या मोटारींना ४० हजार झालं. पूर्ण बाहेरून आलेली गाडी असेल तर हा फरक तुमच्या माथी येतो. तेव्हा २०११ ची गाडी २०२६ मध्ये घेत असाल तर आधी आरसीवरची मुदत वाचा. विकणारा नेमका आत्ताच का विकतोय, याचं उत्तर बरेचदा त्याच ओळीत असतं.

आतेभावाची गाडी अजून आहे. तिला १८ इंची चाकं लागली, गिअरबॉक्सचं तेल झालं, एक आर्म बदलला. त्याने डिकीत एक वही ठेवलीय. त्यात तारीख, किलोमीटर, काम आणि रक्कम, गलाईच्या हिशोबासारखं ग्रॅमाग्रॅमात लिहिलेलं. दर रविवारी सकाळी तो कापडी टेप घेऊन चारही चाकांची उंची मोजतो. आत्या ओसरीवरून बघते आणि म्हणते, "अरे, सुनेच्या ब्लाउजचं माप राहिलंय, तेपण घे एकदा."